बे-विंडो कॅम्परचे पार्ट: मागवण्याआधी काय मोजायचं, काय बघायचं

नाना पेठेत किंवा कुर्ल्याला जुन्या गाडीचा पार्ट घ्यायची रीत ठरलेली आहे. तुटका तुकडा कागदात गुंडाळून न्यायचा, काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "असाच पाहिजे." दुकानदार तो हातात फिरवून बघतो, आत जातो आणि त्याचा जुळा भाऊ घेऊन येतो. फोक्सवॅगन टाइप २ कॅम्परच्या, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा जुन्या व्हॅनच्या बाबतीत ही सोय नाही. दुकान जर्मनीत, बेल्जियममध्ये नाहीतर इंग्लंडमध्ये, माल येणार कुरिअरने. "१९७२ची गाडी आहे" एवढ्याच माहितीवर ऑर्डर दिली तर पार्ट परत पाठवायचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा.

इथे फक्त बे-विंडोबद्दल लिहितो. पुढची काच एकसंध आणि वाकलेली, ऑगस्ट १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत बनलेली गाडी. १९७०च्या दशकात युरोपातून जमिनीवरून गोव्यातल्या हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत आलेल्या हिप्पींच्या गाड्यांत ही बरीच असायची. आज ब्रिटन-जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी हौसेने घेतली, तर पहिल्या महिन्यातच पार्टांचा घोळ सुरू होतो. तो घोळ बहुतेक वेळा पार्ट मिळत नाही म्हणून नसतो. आपली गाडी नेमकी कोणती हे मालकालाच माहीत नसतं, म्हणून असतो.

फोक्सवॅगनचं मॉडेल-वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. सप्टेंबर १९७२मध्ये बनलेली गाडी १९७३चं मॉडेल. नोंदणीच्या कागदावरची तारीख तर आणखी पुढची असू शकते, कारण गाड्या शोरूममध्ये पडून राहायच्या. म्हणून कागद बाजूला ठेवा आणि चॅसी नंबर बघा. १९७०च्या मॉडेलपासून तो दहा आकडी आहे. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात: २१ म्हणजे बंद डिलिव्हरी व्हॅन, २२ मायक्रोबस, २३ कोंबी (खिडक्यांची, सीट काढता येणारी), २६ पिकअप. तिसरा आकडा मॉडेल-वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे २३३ने सुरू होणारा नंबर म्हणजे कोंबी, मॉडेल १९७३, बनली ऑगस्ट १९७२ ते जुलै १९७३च्या दरम्यान. हा नंबर इंजिनच्या खोलीत उजव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तेलकट थर ब्रशने घासून काढला की दिसतो. शिवाय एम-प्लेट नावाची एक छोटी पत्र्याची पट्टी असते, बहुतेक वेळा पुढच्या सीटच्या मागे. तिच्यावर रंग, सीटचं कापड, कुठल्या देशासाठी बनली, कुठलं इंजिन-गिअरबॉक्स लावून निघाली, हे सगळं कोडमध्ये असतं. तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. रंगकाम करणारा माणूस ती काढतो आणि मग ती हरवते.

आता तीन सीमारेषा लक्षात ठेवा, अर्ध्या चुका याच रेषांवर होतात. पहिली, ऑगस्ट १९७०. याआधी पुढे ड्रम ब्रेक आणि चाकाच्या पाच बोल्टचं वर्तुळ २०५ मिमी. यानंतर पुढे डिस्क आणि वर्तुळ ११२ मिमी. दुसरी, ऑगस्ट १९७१. मागचे दिवे उंच झाले, इंजिनची खोली रुंद झाली आणि १७००चं टाइप ४ इंजिन आलं, पण गाडीचं तोंड जुनंच राहिलं. तिसरी, ऑगस्ट १९७२. पुढचे इंडिकेटर खालून वर, हवेच्या जाळीच्या दोन्ही बाजूंना गेले आणि बंपर चौकोनी झाला. मधलं एक वर्ष, म्हणजे १९७२चं मॉडेल, खेचर आहे: तोंड अर्ली बेचं (आधीच्या बे-विंडोचं), पाठ लेट बेची (नंतरच्या). याच गाडीचे मालक सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट घेतात. १९७१-७२चे पुढचे ब्रेकपॅड १९७३च्या कॅलिपरला बसत नाहीत, हे एक ठळक उदाहरण. दोन्ही डिस्कच आहेत म्हणून लोक डोळे झाकून मागवतात.

पार्टनंबर वाचता आला की निम्मं काम झालं. नऊ आकडे, तीन-तीनचे गट. पहिला गट मुळात कुठल्या गाडीसाठी बनला ते सांगतो: २११ म्हणजे टाइप २, ११३ बीटल, ३११ टाइप ३, २५१ म्हणजे नंतरची टी३, आणि ०२१, ०२२ हे टाइप ४ इंजिनाचे. २१४ दिसला तर तो उजव्या स्टीअरिंगच्या गाडीचा. मधल्या गटाचा पहिला आकडा विभागाचा: १ इंजिन, २ पेट्रोल आणि सायलेन्सर, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा अॅक्सल आणि स्टीअरिंग, ५ मागचा अॅक्सल, ६ ब्रेक आणि चाकं, ७ पेडल आणि केबल, ८ बॉडी, ९ इलेक्ट्रिक. शेवटच्या गटात डाव्या-उजव्या जोडीच्या पार्टांना डावीकडे विषम आणि उजवीकडे सम आकडा द्यायची पद्धत आहे. मागे अक्षर असेल तर ती सुधारित आवृत्ती. त्यामुळे कोणी "टी२ डावं बिजागर" म्हणून विकतोय आणि फोटोत शेवटचा आकडा सम दिसतोय, तर पैसे पाठवायच्या आधी विचारा. आणि डावं-उजवं नेहमी गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं.

इंजिनाकडे वळू. बे-विंडोत दोन वेगळी खानदानं आहेत. टाइप १ हे बीटलचं इंजिन, १६०० सीसी, उभा पंखा. टाइप ४ हे चपटं, १७००, १८०० आणि २०००. नुसतं मागचं झाकण उघडलं तरी कळतं: पंख्याचं उंच घरटं दिसलं तर टाइप १. टाइप १चा इंजिन नंबर डायनॅमोच्या स्टँडच्या पायथ्याशी असतो. बी, एडी किंवा एएसने सुरू झाला तर गाडीचं मूळ १६०० असण्याची शक्यता चांगली. दुसरं काही निघालं तर गाडीत बहुधा कधीतरी बीटलचं इंजिन घुसवलेलं आहे. अशा वेळी मागच्या आडव्या आधारपट्टीसाठी ब्लॉकला भोकं आहेत का ते आधी बघा. नसतील तर इंजिन गिअरबॉक्सला लटकून चाललंय.

टाइप १चं सुख हे की मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यात बीटल जुलै २००३पर्यंत बनत होती. म्हणून पिस्टन-लायनर, हेड, बेअरिंग, गॅस्केट सगळं नवं मिळतं. ८५.५ मिमीचा मूळ मापाचा संच घ्या. ८७ आणि ८८ मिमीचे "तसेच आत सरकतात, ब्लॉक कापायला नको" म्हणून विकले जाणारे संच कॅम्परला घेऊ नयेत. माप वाढलं पण बाहेरचा व्यास तोच, म्हणजे लायनरची भिंत पातळ झाली. दीड टनाची गाडी चढाला लागली की ती तापून वाकते आणि कॉम्प्रेशन जातं.

तेलाचा पंप हा या इंजिनातला खरा सापळा. कॅमशाफ्टचं गिअर तीन रिव्हेटांचं सपाट असतं किंवा चार रिव्हेटांचं खोलगट, आणि पंप त्यानुसार वेगळा. स्टडही ६ मिमी किंवा ८ मिमी. चुकीचा पंप कधी कधी बसतोसुद्धा, फक्त त्याची जीभ कॅमच्या खाचेत पूर्ण जात नाही. मग ऑइल प्रेशर येतं, काही दिवस टिकतं आणि एके दिवशी जातं. जुना पंप काढून रिव्हेट मोजल्याशिवाय नवा मागवायचा नाही. पुशरॉड ट्यूब बसवताना दोन्ही टोकांच्या लवचिक वळ्या हलक्या हाताने ओढून एकूण लांबी १९० ते १९१ मिमी करून घ्या. तशाच बसवल्या तर सील दाबलं जात नाही आणि दोन आठवड्यांत खाली तेलाचे ठिपके पडतात. त्यात ट्यूबचा दोष नसतो, तरी शिव्या तिलाच बसतात.

टाइप ४ जास्त दमदार आहे, पण पार्टांना महाग. हे इंजिन फोक्सवॅगन ४११, ४१२, पोर्शे ९१४ आणि सुरुवातीच्या टी३मध्ये होतं, म्हणून शोध त्या बाजूनेही घ्यायचा. "पोर्शे" शब्द लागला की त्याच गॅस्केटचा भाव चढतो, तेव्हा पार्टनंबर टाकून दोन्हीकडे बघा. बोअर: १७००ला ९०, १८००ला ९३, २०००ला ९४ मिमी. हेड व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये तडकतात. नवी हेड स्पेनमध्ये एएमसी बनवते. हीट एक्स्चेंजर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर केबिन गरम करणारा) मात्र दुर्मीळ. जुना मिळाला तर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, आतून खडखड आली तर सोडून द्या. गंजलेल्या एक्स्चेंजरमधून धूर थेट केबिनमध्ये येतो. सायलेन्सरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि कॅम्परमध्ये लोक झोपतात.

क्लच मागवताना इंजिन-गिअरबॉक्स वेगळे झालेले असतील तर दोन गोष्टी बघा. तबकडीचा व्यास मोजा: १६००ला २०० मिमी, २०००ला २२८ मिमी. मग गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती गाइड ट्यूब आहे का ते बघा. ट्यूब असेल तर प्रेशर प्लेटच्या मधोमध कडी नको. ट्यूब नसेल तर कडी हवीच. एकाची प्लेट दुसऱ्याला लावली तर रिलीज बेअरिंग रडायला लागतं आणि इंजिन पुन्हा खाली. त्याच वेळी बेलहाउसिंगमधला (गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या घंटेसारख्या भागातला) स्टार्टरचा बुशही बदला. किंमत चहा-वड्याइतकी. नवा स्टार्टर जुन्या झिजलेल्या बुशात घातला की अडकतो, आणि लोक स्टार्टर "खराब निघाला" म्हणून परत पाठवतात.

पेट्रोलच्या होसवर जरा थांबतो, कारण या गाड्या गंजून जितक्या गेल्या तितक्याच जळूनही गेल्या असतील असं वाटावं, इतक्या आगीच्या घटना कानावर येतात. मूळ होस कापडी विणीचा, आतला व्यास सुमारे ५ मिमी. आजच्या ई१० पेट्रोलमधलं इथेनॉल साधं रबर आतून खातं, वरून कापड साबूत दिसतं. होसवर "आर९" छापलेला घ्या, म्हणजे एसएई जे३० आर९ प्रतीचा. ६ मिमीचा होस क्लिप आवळून बसवायचा मोह होतो, तो नको. क्लिपखाली त्याची घडी पडते आणि तिथूनच झिरपतो. टाकी काढायला इंजिन खाली घ्यावं लागतं, म्हणून इंजिन कुठल्याही कारणाने उतरलं असेल तर टाकीकडचे होस त्याच दिवशी बदला. प्लास्टिकचा फिल्टर इंजिनच्या खोलीत लटकवू नका. टाकीच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला घ्या.

आणि सोलेक्स कार्ब्युरेटर. वरच्या झाकणात जिथून पेट्रोल आत येतं ती पितळी नळी नुसती दाबून बसवलेली आहे, आटे नाहीत. पन्नास वर्षं तापून-थंड होऊन झाकणाचं भोक सैल होतं. होस काढा, नळी दोन बोटांत धरा आणि पिळून बघा. केसभर जरी फिरली तरी ती निघणार, आणि निघाली की पंप चालू असेपर्यंत पेट्रोल गरम इंजिनावर सांडत राहणार. उपाय सोपा आहे: नळी काढा, भोकात आटे पाडा, आट्याची पितळी निपल लॉकटाइट लावून बसवा. लेथवाला अर्ध्या तासात करून देतो. थ्रॉटलचा शाफ्ट हलत असेल तर त्याच फेरीत बुश टाकून घ्या. माझ्या मते झिजलेला मूळ सोलेक्स नव्याने बुश करून घेणं हे स्वस्तातल्या नव्या कॉपीपेक्षा बरं. कॉपीत जेट भलत्याच मापाचे निघतात आणि आयडल जुळता जुळत नाही. डिस्ट्रिब्युटरचंही तेच. ००९ नावाचा व्हॅक्यूमविना डिस्ट्रिब्युटर सगळीकडे मिळतो, पण ३४ पिक्ट-३ या सोलेक्स कार्ब्युरेटरबरोबर लावला की अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी एक क्षण गुदमरते. व्हॅक्यूमवाला शोधा. टाइप १साठी पॉइंटची गॅप ०.४ मिमी, टॅपेट थंड इंजिनावर ०.१५ मिमी, तेल अडीच लिटर.

"जुना स्टॉक, डबाबंद" या शब्दांनी भुलू नका. डबाबंद लोखंड सोनं आहे: बिजागर, लॉक, गिअर, डिस्क, जरूर घ्या. डबाबंद रबर कचरा आहे. चाळीस वर्षांचा ब्रेक होस पाकिटात होता म्हणून तरुण राहिलेला नसतो. आतून फुगून तो एकेरी व्हॉल्व्हसारखा वागतो: ब्रेक लागतो, पण सुटत नाही, आणि चाक तापतं. मेकॅनिक कॅलिपर बदलतो, फरक पडत नाही. ब्रेक होस, व्हील सिलिंडरचे कप, ऑइल सील हे नवेच, आणि छापलेली तारीख बघून. थर्मोस्टॅट आणि पंख्याखालचे फ्लॅप मात्र जुनेच सांभाळा. आधीच्या मालकाने काढून टाकले असतील तर परत मिळवा. इंजिनभोवतीची रबरपट्टी नसेल तर खालची गरम हवाच पुन्हा पंख्यात ओढली जाते आणि मग लोक ऑइल कूलर शोधत हिंडतात.

टायर १८५ आर १४ सी, तेही सी अक्षरासकट. कारचे टायर या वजनाला नाहीत.

पत्र्याबद्दल. सिल, म्हणजे दरवाज्याखालचा कडेचा पत्रा, ही एक पट्टी नव्हे, तीन थर आहेत: बाहेरचा, मधला, आतला. बाहेरचा चकचकीत आणि मधला गळून गेलेला, अशी गाडी हमखास भेटते. स्क्रू-ड्रायव्हरने जॅकच्या जागा, पुढच्या केबिनचा तळ, चाकांच्या कमानी, बॅटरीचा ट्रे आणि काचेखालचे दोन कोपरे टोचून बघा, मग यादी करा. पत्र्याचे दोन दर्जे बाजारात आहेत, पातळ-स्वस्त आणि मूळ जाडीचा. बाहेरून दिसणारा तुकडा पातळ चालेल, पण सिल, आउटरिगर (तळाचे आडवे आधार) आणि जॅकपॉइंट जाड पत्र्याचेच घ्या. ब्रिटनमधल्या ऑटोक्राफ्टसारख्यांचे त्यासाठीच लोक घेतात. जुना सिल कापायच्या आधी सरकता दरवाजा जागेवर लावून फट मोजा, नवा सिल टॅक केल्यावर (ठिपक्याठिपक्याने तात्पुरता जोडल्यावर) पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्ड करा. दरवाजा काढून वेल्डिंग केलेली गाडी पुन्हा कधी नीट बंद होत नाही.

सरकत्या दरवाज्याचं आणखी एक. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत तो उजवीकडे, आणि उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत सहसा डावीकडे. म्हणजे ब्रिटिश गाडीचा दरवाजा, रूळ, मधलं रोलरचं बिजागर हे सगळं आरशातलं. जर्मनीत भंगारात पडलेला सुंदर दरवाजा तुमच्या उपयोगाचा नाही. उजव्या बाजूचं स्टीअरिंग बॉक्स, पेडलची जुळणी आणि वायपरचे दांडेही असेच दुर्मीळ. ते मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत, मोडल्यावर शोधू नयेत.

ब्राझीलमध्ये कोंबी डिसेंबर २०१३पर्यंत बनली, त्यामुळे तिथला माल भरपूर येतो. हँडल, रबर, बिजागर यांत बऱ्याच गोष्टी जुळतात. पण १९९७पासून तिथल्या गाडीचं छत उंच आहे, म्हणून पन्हळीच्या वरचं काही मागवू नका. काचेचं रबर मागवताना चकचकीत पट्टीची खाच असलेलं हवं की बिनखाचेचं, ते आधी ठरवा. खाच नसलेल्या रबरात पट्टी बसवता येत नाही.

आतलं सामान हा वेगळाच प्रांत. गाडी हॅनोव्हरची, पण आतली लाकडं-शेगडी कुणाची ते ओळखा: जर्मनीत वेस्टफालिया, ब्रिटनमध्ये डेव्हन, डॅनबरी, डॉर्मोबाइल, व्हायकिंग. डॉर्मोबाइलचं छत एका बाजूला उघडतं, त्याचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड दुसऱ्या कुणाला बसत नाही. छताचं कापड मागवताना नाव नाही, मापं पाठवा: बिजागराच्या बाजूची लांबी, उघड्या टोकाची उंची, खिडक्या किती. जुनं कापड फाटकं असलं तरी टाकू नका. शिवणाऱ्याला तेच नमुना म्हणून लागतं. प्लायवूडचे कोपरे फुगले असतील तर नवा संच घेण्यापेक्षा त्याच आकाराचा तुकडा कापून घेणं स्वस्त. कडांची प्लास्टिक पट्टी मीटरवर मिळते.

गॅस मात्र काटेकोर. जुन्या जर्मन शेगड्या ५० मिलिबारच्या आहेत, आजचे रेग्युलेटर ३०चे. शेगडीवरच्या पट्टीवर आकडा असतो. ५०च्या रेग्युलेटरवर ३०ची शेगडी लावणं धोक्याचं, उलटं केलं तर ज्योत मरगळलेली. नळीवर तारीख छापलेली असते, जर्मनीत दहा वर्षांनी ती बदलतात.

मागवायचं कुठून? मूळ फोक्सवॅगनचा शिल्लक माल वोल्फ्सबुर्गच्या क्लासिक पार्ट्सकडे. रोजचे झिजणारे पार्ट ब्रिटनमध्ये जस्ट कॅम्पर्स, बेल्जियममध्ये बीबीटी, जर्मनीत सीएसपी. जर्मन विक्रेत्यांकडे शोधताना जर्मन शब्द टाका: डिश्टुंग म्हणजे रबर सील, ब्रेम्ससाटेल म्हणजे कॅलिपर. इंग्रजी शब्दांनी त्यांचा अर्धा माल दिसतच नाही. जानेवारी २०२१पासून जर्मनीहून ब्रिटनला माल आणताना व्हॅट आणि कस्टमचा कागद लागतो, म्हणून पाच छोट्या ऑर्डरी करण्यापेक्षा यादी साठवून एकच करा. भारतात कुणाबरोबर पाठवायचं असेल तर वापरलेला कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप किंवा टाकी बॅगेत घालू नका. पेट्रोलचा वास आला की विमानतळावरच अडतं.

वापरलेला पार्ट घेताना विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: ठोकलेला नंबर, आट्यांचा जवळून काढलेला फोटो आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला एक. पट्टीचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा पार्ट घेऊ नका. आणि नवा पार्ट बसून गाडी शंभर किलोमीटर चालेपर्यंत जुना फेकू नका, नंबर लिहिलेल्या पिशवीत घालून सीटखाली ठेवा.